पुढे केलेला हात

पुणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कांद्याची प्रतवारी करणारे तुझे यंत्र एकदा परीक्षकांसमोर नीट चालले की तुझी जबाबदारी संपली, पुढचे शेतकरी बघून घेईल, असे तू लिहिले आहेस. त्या वाक्यापाशी मी दोन दिवस अडून बसलो आणि शेवटी मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी पुन्हा काढून वाचली. तूही वाच. अप्पा बळवंत चौकात ती मिळेल; फक्त मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती घेऊ नकोस.

आपल्याकडे या कादंबरीचे नाव भस्मासुराच्या जोडीने घेतले जाते आणि तिथेच गल्लत होते. भस्मासुराने वर मिळताच तो देणाऱ्या शंकराच्याच डोक्यावर हात ठेवायला धाव घेतली. कादंबरीत एका तरुणाने प्रयोगातून घडवलेल्या जिवाला मात्र कोणीतरी जवळ बसावे एवढेच आधी हवे असते, आणि त्यासाठी तो भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाचे बोलणे ऐकत भाषा शिकतो. फ्रँकेन्स्टाइन हे नावही त्याचे नव्हे. ते त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचे आडनाव आहे; त्या जिवाचे बारसे कोणी केलेच नाही.

तो जागा होतो ते प्रकरण सावकाश वाच. नोव्हेंबरची रात्र आहे, काचांवर पाऊस वाजतो आहे, मेणबत्ती विझत आली आहे, आणि सुमारे दोन वर्षांच्या कष्टांनंतर तो देह आपला पिवळसर डोळा उघडतो. व्हिक्टरला किळस येते आणि तो खोलीबाहेर पळतो. थोड्या वेळाने तो जीव त्याच्या पलंगाशी येऊन पडदा वर धरतो, काहीतरी अस्फुट पुटपुटतो, हसल्यासारख्या सुरकुत्या त्याच्या गालांवर पडतात आणि तो एक हात पुढे करतो. व्हिक्टर पुन्हा पळतो. पुढे जे खून पडतात, त्यांचे मूळ मला त्या नाकारलेल्या हातात दिसते, कारण तान्हे मूलही आपल्या माणसाकडे हात असाच पुढे करते.

मुलाची ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमध्ये झाला आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लेखणी चालवणारी तिची आई मेरी वोल्स्टनक्राफ्ट अकराव्या दिवशी बाळंतरोगाने गेली. १८१५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मेरीला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली आणि ती थोड्याच दिवसांत दगावली. त्या मार्चमध्ये तिने रोजनिशीत एक स्वप्न टिपून ठेवले आहे: बाळ नुसते गारठले होते, आम्ही त्याला शेकोटीपुढे चोळले आणि ते जगले, जाग आली तर बाळ नव्हते. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी, अठराव्या वर्षी तिने ही कथा लिहायला घेतली. कवी बायरनने सुचवलेली भुताच्या गोष्टींची चढाओढ आणि इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकाने थंडगार झालेला तो उन्हाळा यांची हकीकत तुला कुठेही वाचायला मिळेल. मला ती रोजनिशीतली नोंद अधिक मोलाची वाटते.

ही कादंबरी मी तुझ्या वयाचा असताना वाचली तेव्हा विज्ञानाला लगाम हवा, एवढाच बोध घेतला होता. पुढे भोसरीत यंत्रे बनवू लागल्यावर एका कारखान्याला मी एक प्रेस, म्हणजे दाब देणारे यंत्र, बनवून दिला. चाचणी झाली, सह्या झाल्या, बिल निघाले, आणि आठ महिने मी तिकडे फिरकलो नाही. एके दिवशी तिथल्या एका मुलाच्या दोन बोटांची पेरे गेली. मी जाऊन पाहिले, तर गार्डचा, म्हणजे संरक्षक झाकणाचा, लिमिट स्विच (झाकण उघडे असताना यंत्र चालू न देणारे बटण) तांब्याच्या तारेने दाबून बांधलेला होता. माझा गार्ड उघडायला इतका वेळ लागे की नगांचा आकडा पुरा होत नसे, म्हणून कामगारांनी तो उपाय काढला होता. हातांच्या स्पर्शाने तार गुळगुळीत, चकचकीत झाली होती, म्हणजे ती कित्येक दिवस तिथेच होती. पहिल्या आठवड्यात एक पाळी त्या प्रेसशेजारी उभा राहिलो असतो, तर गार्डची अडचण मला तेव्हाच कळली असती.

मेरी मात्र आपल्या निर्मितीकडे परत आली. १ जानेवारी १८१८ रोजी, म्हणजे भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली त्याच दिवशी, लंडनमध्ये तिची कादंबरी तीन भागांत, ५०० प्रतींत, लेखिकेच्या नावाविना निघाली. प्रस्तावना नवऱ्याने, कवी पर्सी शेलीने, लिहिलेली असल्याने अनेकांना पुस्तकही त्याचेच वाटले. त्यानंतरच्या दोन वर्षांत तिची आणखी दोन मुले गेली आणि जुलै १८२२ मध्ये नवरा इटलीच्या समुद्रात बुडाला. १८२३ च्या आवृत्तीवर तिचे नाव आले. १८३१ मध्ये तिने सगळा मजकूर पुन्हा हाती घेऊन सुधारला, नवी प्रस्तावना लिहिली आणि तीत या पुस्तकाला आपले कुरूप अपत्य म्हणून, जा, तुझी भरभराट होवो, असा निरोप दिला.

परीक्षा संपली की यंत्र चाकणजवळच्या त्या शेतावर जाईल. पहिले आठ दिवस तू तिथे राहा, वही जवळ ठेव, आणि कांदे ओतणाऱ्या बाईंचा हात कुठे अडतो, त्या कोणता भाग दोरीने बांधतात, कोणता काढून बाजूला ठेवतात, ते लिहून काढ. पहिल्या दिवशी मीही येईन. सकाळी साडेसहाला निघालो तर पहिली पाटी ओतण्याआधी पोहोचू.

तुझा हितचिंतक