वाचक विचारतात : आजी उडते, पण हसू येत नाही

प्रश्न : आमची सातवीची मुलं कागदी कटआउटचा दोन मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करत आहेत. मांडे करणारी आजी सुपरहिरो, मांडाच तिची केप. गोष्ट सांगताना वर्ग खदखदून हसतो, पडद्यावर ती उडाली की सगळे गप्प. शिवाय चित्र लुकलुकतं. – एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : आजी फार सहज उडत असणार. कागदाला वजन नसतं, ते वेळेतून दाखवावं लागतं. सेकंदाला 12 चित्रं धरा. उडण्याआधी 6 चित्रांत तिला गुडघ्यांवर हात ठेवून वाकवा. मग 10 चित्रं तिला तशीच थांबवा, पण मध्ये एकदा पापणी लवू द्या, नाहीतर फिल्म अडकल्यासारखी वाटते. त्यानंतर अवघ्या 2 चित्रांत ती चौकटीबाहेर. रिकामी चौकट 8 चित्रं तशीच ठेवा आणि वरून एक चप्पल पडू द्या. हशा त्या रिकाम्या चौकटीनंतर येतो, उड्डाणाला नाही.

केप शरीरापेक्षा 2-3 चित्रं मागे राहायला हवी. आजी थांबली तरी मांडा पुढे झुलून मग खाली येतो. त्यासाठी ट्रेसिंग पेपरचे चार वेगवेगळे आकार कापून आलटूनपालटून लावा. कागद अर्धपारदर्शक असल्याने मांड्याचा पातळपणा आपोआप दिसतो; डाग चहाच्या पाण्याने द्या.

डोळ्यांतून किरण वगैरे मात्र नकोत. तिची ताकद कामातूनच आलेली असू दे : पीठ हातांवर ताणता ताणता लांब झालेले हात, खापराच्या धगीला सरावलेली बोटं. आणि दुबळेपणा एकच, कुणी उपाशी दिसलं की बचावकार्य सोडून ती जेवायला वाढते. मालेगावचे हौशी दिग्दर्शक नासिर शेख यांनी आपल्या विडंबनपटातल्या सुपरमॅनसाठी यंत्रमागावर काम करणारा काडीपैलवान निवडला होता. पोशाख आणि अंग यांतल्या त्या अंतरातच निम्मा विनोद होता.

लुकलुकण्याचं कारण बहुधा मोबाइलच. तो प्रत्येक फोटोला उजेड आणि रंग नव्याने ठरवतो. एक्स्पोजर (उजेड), व्हाइट बॅलन्स (रंग) आणि फोकस तिन्ही लॉक करा. खिडकी झाका, कारण ढग आला की चित्र बदलतं. दोन्ही बाजूंनी 45 अंशांत एकेक एलईडी दिवा लावा. पांढरा शर्ट घालून टेबलावर वाकलात तरी उजेड परावर्तित होतो, गडद कपडे घाला. पंखा बंदच हवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ही शिक्षाच, म्हणून शूटिंग सकाळी उरका. दोन मिनिटांना 1440 चित्रं लागतात खरी, पण थांब्यांच्या चित्रांच्या प्रती अ‍ॅपमध्येच काढता येतात.

प्रश्न : संवाद अहिराणीत आहेत. ओठ जुळत नाहीत. – एक वाचक, धुळे

उत्तर : आवाज आधी रेकॉर्ड करा आणि कोणता शब्द कितव्या चित्रावर येतो ते वहीत लिहा. तोंडाचे पाच आकार पुरतात : मिटलेलं, उघडं 'आ', ताणलेलं 'ई', गोल 'ऊ' आणि खालच्या ओठावर दात. अक्षर न् अक्षर जुळवत बसलात तर तोंड फडफडतं. 'माले भूक लागनी' यात 'म' आणि 'भ' यांना ओठ मिटले, 'भू'ला गोल झाले की काम झालं. 'लागनी'साठी एक उघडा, एक ताणलेला आकार बास. ओठ आवाजाच्या एक चित्र आधी हलवा. उशिरा हललेले लगेच खटकतात.

प्रश्न : कागदी पुतळ्याचा खांदा सारखा सैल होतो. – एक विद्यार्थी, चोपडा

उत्तर : पिनेचं भोक रुंदावतं म्हणून. 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर कार्ड घ्या, भोक पाडण्याआधी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा. उडतानाचा हात तर जोडूच नका, चिकटमातीच्या गोळीवर सुटा ठेवा. मांडा ताणण्याच्या दृश्यात तो वाटेल तेवढा लांबही करता येईल.