शाळेतल्या मित्रांसोबत कोकणात चाललोय. फोटो सहज काढावेत की उभं करून? ४० हजारांत कॅमेरा कुठला घ्यावा?

उभं करून काढा. रांगेत, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघून.

आम्ही पाच जण १९८१ चे दहावीचे. २०१९ च्या जानेवारीत दापोलीहून निघालो, दाभोळला गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत चढवली आणि धोपाव्याला उतरून गुहागर गाठलं. मी शाळेचा ग्रुप फोटो मुद्दाम बरोबर घेतला होता. त्यात आम्ही पाचही जण मागच्या रांगेत सलग उभे आहोत. तसंच, त्याच क्रमाने किनाऱ्यावर उभं राहायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

आमच्यातल्या एकाचा मुलगा लग्नांचे फोटो काढतो. रात्री जेवताना हा मित्र म्हणाला, "पोझ दिलेला फोटो म्हणजे आधार कार्ड. सहज काढ रे." मला ते फार लागलं. माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते आधी त्याची कॉलर सरळ करायचे, दोन बोटांनी हनुवटी जराशी खाली घ्यायचे आणि मगच कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घालायचे. समोरच्या माणसाची एवढी कदर करणं खोटं कसं?

तरी दुसरा दिवस त्याच्या म्हणण्याप्रमाणे घालवला. वेळणेश्वरला जाऊन आलो, दोनशेच्या वर फोटो झाले. पाठी, उघडी तोंडं, फोनवर बोलणारे. पाचही चेहरे धड दिसतील असा एक नाही. सूर्यास्ताचाही त्याचाच हट्ट. आपला समुद्र पश्चिमेला, संध्याकाळी पाण्याकडे पाठ केली की सूर्य मागे आणि चेहरे काळे. पाच सावल्या आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना बाहेर काढलं. सकाळचं ऊन गावाकडून थेट तोंडावर येतं. गुहागरला मध्ये सुरूचं बन आहे, त्यामुळे वाळूवर ऊन पोचायला साडेआठ झाले. ओहोटी होती. ओल्या वाळूवरून उजेड वर उलटतो, डोळ्यांखालचा काळोख बराच कमी होतो. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला घरमालकांकडून प्लास्टिकची खुर्ची आणली. तो शाळेच्या फोटोत डावीकडून दुसरा, इथेही दुसराच. ऊन डोळ्यांत जात होतं म्हणून सगळ्यांना डोळे मिटायला लावले, तीन म्हटल्यावर उघडायचे. टायमर लावून मी रांगेत आलो, तर सहजवाले महाशय वाकून खुर्चीतल्याची कॉलर सरळ करत होते.

तो फोटो पाचही घरांत भिंतीवर आहे. त्या दोनशेतला एकही आजवर कुणी मागितलेला नाही.

कॅमेरा घेऊ नका, मोबाइल पुरे. झूम ०.५ वर ठेवून मात्र काढू नका, कडेचा माणूस फाकतो. २ वर ठेवून मागे सरका. खारा वारा असतो, काच अधूनमधून सुती रुमालाने पुसा.

हर्णैच्या मासळी लिलावात मात्र सहजच काढावे लागतील, तिथे कुणी थांबत नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर उन्हाचं वर सांगितलेलं सोडून द्या. आणि ओहोटीची वेळ घरमालकांना आदल्या रात्रीच विचारून ठेवा, ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.