मारले नाही, नुसते पकडले, तरी गुन्हा?

प्रश्न : परसात वीसेक कोंबड्या आहेत. महिनाभरात रानमांजराने सात नेल्या. शेवटी पिंजरा लावला, आत एक पिल्लू ठेवले. रात्रीत जनावर सापडले. त्याला कसलीही इजा न करता मी ते डोंगरापलीकडे नेऊन सोडले. मेहुण्याने पिंजऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि आता वनरक्षकाने कार्यालयात बोलावले आहे. माझ्या आवारात शिरून माझे नुकसान करणाऱ्या जनावराला पकडले, यात गुन्हा कसला? त्यातच आता दुसरे येऊ लागले आहे. शेजारी म्हणतात, मांसात औषध घालून ठेव.

उत्तर : शेजाऱ्यांचे अजिबात ऐकू नका. विषाचा तुकडा रानमांजरच खाईल याची खात्री कोण देणार? कुणाचा कुत्रा मेला किंवा रांगत्या मुलाने तो तोंडात घातला, तर वन्यजीव कायद्याच्या जोडीला भारतीय न्याय संहितेची कलमेही लागतील. आणि गेलेला जीव परत येणार नाही.

आता पिंजऱ्याचे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ आपण बोलताना धरतो त्याहून फार मोठा आहे. मारणे त्यात आहेच, पण पकडणे, फासकी किंवा सापळा लावणे, आमिष दाखवणे, विष घालणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. कलम 9 प्रमाणे पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतील, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांतील, प्राण्यांची शिकार करायला बंदी आहे. तुम्ही ते जनावर जिवंत सोडलेत हे माणुसकीचे झाले, पण पिंजऱ्याचे दार पडले तेव्हाच कायद्याच्या दृष्टीने शिकार झाली होती.

‘माझे आवार, माझे नुकसान’ हा मुद्दा मला पटतो. सात कोंबड्या जाणे ही लहान गोष्ट नाही. पण कायद्यात तो टिकत नाही. मालमत्तेच्या बचावाचा हक्क चोरी, आगळीक (मुद्दाम केलेले नुकसान), अतिक्रमण अशा अपराधांविरुद्ध दिलेला आहे आणि जनावर अपराध करत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम 11 मध्ये सद्भावनेने केलेल्या बचावाला सूट आहे, पण ती स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या बचावापुरतीच. मालमत्तेला धोका असेल तर दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. तो आदेश आधी हवा.

वन कार्यालयात जा, टाळू नका. फोटो मात्र पुसू नका, मेहुण्यालाही पुसू देऊ नका. पुरावा नाहीसा करणे हा वेगळा गुन्हा होईल. खरे म्हणजे तो फोटो तुमच्या कामाचाही आहे. रानात पोसलेले घरगुती मांजर, रानमांजर आणि उदमांजर यांत अंधारात भल्याभल्यांची गफलत होते. घरगुती मांजर असेल तर हा कायदाच लागत नाही. वन्य प्राणी असेल तर तो कोणत्या अनुसूचीत आहे यावर शिक्षा ठरते : पहिल्या अनुसूचीतला असेल तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैद व किमान 25,000 रुपये दंड, एरवी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून ‘ते रानमांजरच होते’ असे अंदाजाने लिहून देऊ नका. घडले तेवढेच सांगा. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने तुमच्यासमोर नोंदवलेला पुरावा पुढे न्यायालयात वापरता येतो, तेव्हा जबाब पूर्ण वाचल्याशिवाय सही नको आणि कोऱ्या कागदावर तर नकोच. जाण्याआधी जवळच्या फौजदारी वकिलाला भेटा. अटकेची शक्यता दिसली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

सात कोंबड्या कधी, कशा गेल्या याची तारीखवार टिपणी आणि असतील तर फोटो सोबत न्या. जनावर कुठे व कोणत्या अवस्थेत सोडले तेही त्यात लिहा. त्याने गुन्हा पुसला जाणार नाही, पण तुम्ही शिकारी टोळीतले नाही हे अधिकाऱ्याला आणि वेळ आली तर न्यायाधीशालाही दिसेल.

दुसऱ्या जनावरासाठी पिंजरा पुन्हा लावू नका. खुराडे बंदिस्त करायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही, आणि गेलेल्याची जागा दुसऱ्याने घेतली हे तुम्ही पाहिलेच आहे. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी जनावर ओरबाडून फाडते. अर्ध्या इंचाच्या भोकांची जाड वेल्डमेश (तारा सांध्यांवर जोडलेली जाळी) वरूनही लावा. खाली ती फूटभर जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे उकरणाऱ्याचे पंजे तिथेच अडतील. दाराला दोन कड्या ठेवा आणि अंधार पडायच्या आत कोंबड्या आत घ्या. एवढे करूनही जनावर अडकलेले किंवा मेलेले सापडले तर हात लावू नका, गुपचूप पुरूही नका. मेलेला वन्य प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. ताबडतोब वन विभागाला कळवा.