‘सोनेरी टोळी’ की सोनेरी ओर्दा?

प्रश्न असा आला आहे. एक वाचक रशियाच्या इतिहासावरचा मजकूर मुलांसाठी मराठीत आणत आहेत. त्यात ‘गोल्डन होर्ड’ हे व्होल्गाकाठच्या मंगोल राज्याचे नाव आले. शब्दकोशात होर्ड म्हणजे टोळी, झुंड असे सापडले, म्हणून त्यांनी वाक्य केले: ‘सोनेरी टोळीने 240 वर्षे रशियाच्या मानेवर जोखड ठेवले.’ पण टोळी सोनेरी कशी असेल, हे त्यांचे त्यांनाच पटेना. शिवाय या होर्डचा आणि उर्दू भाषेचा काही संबंध आहे, असे त्यांच्या कानावर आले आहे. तो खरा का, हेही त्यांनी विचारले आहे.

संबंध अगदी खरा आहे, आणि तो धरून गेले की टोळीचा घोटाळाही सुटतो.

मूळ शब्द ओर्दू किंवा ओर्दा. तुर्की आणि मंगोल दोन्ही भाषांत तो आहे. त्याचा अर्थ खानाचा तळ, म्हणजे जिथे खान, त्याच्या राण्या, दरबार आणि दौलत असते ती जागा. मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यात क्युल तिगिन या तुर्क राजपुत्राचा 732 सालचा शिलालेख आहे. शत्रू ओर्दूवर चालून आला तेव्हा क्युल तिगिनने ओर्दू हातचा जाऊ दिला नाही, असे त्यात कोरले आहे. तिथे त्या वेळी त्याची आई आणि घरच्या बायका होत्या. म्हणजे चिंगीज खानाच्या जन्माआधी चारशेहून अधिक वर्षे हा शब्द राजाच्या घराला आणि बिऱ्हाडाला चिकटलेला होता. झुंडीचा अर्थ त्यात कुठेच नाही.

मग झुंड आली कुठून? शब्द पश्चिमेला गेला तो पोलिश भाषेतून. तिथे त्याच्या तोंडाला ‘ह’ लागला आणि ‘होर्दा’ झाले. पुढे जर्मन, फ्रेंच, इंग्रजीत जाताना भीती त्याच्याबरोबर गेली. ज्यांनी मंगोलांचे घोडेच तेवढे पाहिले किंवा ऐकले, त्यांच्या लेखी ओर्दा म्हणजे अंगावर येणारी गर्दी. आपण इंग्रजी कोशातून अर्थ उचलतो तेव्हा ही परक्याची भीतीही उचलतो. माझा ‘टोळी’ला विरोध आहे तो यासाठीच.

ज्यांनी ओर्दा डोळ्यांनी पाहिला त्यांचे वर्णन वेगळे आहे. रुब्रुकचा विल्यम हा ख्रिस्ती साधू 1253 मध्ये बातू खानाच्या तळावर पोहोचला. बातू हा चिंगीजचा नातू, जोचीचा मुलगा. तो तळ एखाद्या लांबच लांब पसरलेल्या शहरासारखा दिसला, असे विल्यम लिहितो. खानाच्या तंबूचे दार दक्षिणेला, म्हणून समोर दक्षिणेला कुणी तंबू ठोकायचा नाही. बाकी कुणी कुठे उतरायचे हे ज्याला त्याला ठाऊक. इतकी शिस्त टोळीत नसते. पुढे 1330 च्या दशकात इब्न बतूता हा प्रवासी त्याच ओर्द्याच्या उझबेक खानाकडे गेला. मशिदी आणि बाजार यांसकट चालणारे शहर त्याने पाहिले, आणि वाटेतच स्वयंपाक चालू असल्याने हवेत चढणारा धूरही. शुक्रवारच्या नमाजानंतर खान सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या मंडपात बसे, हेही त्यानेच नोंदवले आहे. पुढे तोच इब्न बतूता दिल्लीला येऊन महंमद तुघलकाचा काझी झाला.

‘सोनेरी’ची उकल अशा मंडपात शोधतात. मंगोलांमध्ये सोने हा राजघराण्याचाच रंग होता. चिंगीजच्या वंशाला ‘अल्तन उरुग’, सोन्याचे कूळ, म्हणत. पण एक गोष्ट अनुवादकाने लक्षात ठेवावी. ज्या रशियनांनी ही सत्ता सोसली, ते तिला नुसते ‘ओर्दा’ म्हणत. ‘झोलोताया ओर्दा’, सोनेरी ओर्दा, हे जोडनाव रशियन लिखाणात 16व्या शतकात येते, सत्ता मोडल्यावर. फारसी ग्रंथकार तिला जोचीचा उलूस, म्हणजे जोचीच्या वाट्याचे राज्य, म्हणत. म्हणून 1240 सालच्या राजपुत्राच्या तोंडी ‘सोनेरी’ घालू नये. तो ‘ओर्द्यात बोलावणे आले’ एवढेच म्हणेल, आणि ते ऐकून घरचे लोक गप्प होतील. चेर्निगोवचा राजा मिखाईल 1246 मध्ये असाच गेला. चिंगीजच्या प्रतिमेपुढे नमायला तो तयार झाला नाही, आणि त्याला तिथेच मारले.

आता उर्दू. बाबराच्या घराण्याबरोबर हाच शब्द हिंदुस्थानात रुजला. बादशाही तळ म्हणजे उर्दू, आणि त्याला मानाने ‘उर्दू-ए-मुअल्ला’, थोर तळ, म्हणत. दिल्लीतल्या शाहजहानाबादेच्या त्या दरबारी वस्तीची बोली ती ‘जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला’. लांबलचक नाव झिजत झिजत 18व्या शतकाच्या अखेरीस भाषेचे नाव नुसते ‘उर्दू’ उरले. व्होल्गाकाठी त्याच शब्दाचे राज्य झाले, यमुनेकाठी भाषा झाली. मला ही जोडी फार आवडते.

आपल्याकडेही तळाचे गाव झाल्याचे उदाहरण आहे. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला, तो उठलाच नाही, आणि त्या शहराचे नाव ‘लष्कर’ पडले. अर्थाने ओर्द्याच्या सर्वांत जवळचा मराठी शब्द मला हाच वाटतो. पण ‘सोनेरी लष्कर’ म्हटले की आजचा वाचक फौज समजेल. ‘छावणी’ चालेल, ‘गोट’ त्याहून गोड, तरी दोन्हींत राज्याचा अर्थ येत नाही. म्हणून ‘सोनेरी ओर्दा’ असेच ठेवावे आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘खानाची राजछावणी’ एवढे सांगून पुढे जावे. ‘मोगलाई’ मात्र कटाक्षाने टाळा; मराठीत तिचा अर्थ निजामाचा मुलूख किंवा अंदाधुंदी असा ठरून गेला आहे.

जोखड ठेवायला हरकत नाही. रशियन लोक त्या काळाला ‘इगो’ म्हणतात. हा ‘इगो’ आणि संस्कृत ‘युग’ एकाच मुळाचे, आणि त्या ‘युगा’पासून आपले बैलांच्या मानेवरचे ‘जू’ आले. रशियन लोक या मंगोलांना तातार म्हणत; तेव्हा ‘तातारांचे जू’ हा अनुवाद शब्दाला शब्द जुळतोच, नात्यानेही सख्खा आहे. मात्र हे जू कसे होते ते वाक्यात दिसू द्या. 1237 च्या डिसेंबरात र्‍याझान, 1238 मध्ये व्लादिमिर, 1240 मध्ये कीव्ह अशी शहरे जळाली, हे खरे. पण नंतर मंगोल गावोगावी राहायला आले नाहीत. राजे आपापल्या गादीवर राहिले. गादीसाठी खानाकडून ‘यार्लिक’ आणावी लागे. त्याला मराठीत ‘सनद’ इतका नेमका शब्द तयार आहे. खानेसुमारी झाली, आणि वर्षाला द्यायची ती जुन्या अर्थाने खंडणी. मॉस्कोचा इवान तिची वसुली करून खानाकडे पोचवी, आणि त्याचे टोपणनाव ‘कलिता’, म्हणजे पैशाची थैली.

त्या काळात आणि पुढेही तुर्की बोलींतून रशियनमध्ये शिरलेले शब्द मराठी माणसाला ओळखीचे वाटतील. कझ्ना म्हणजे आपला खजिना, सुंदुक म्हणजे संदूक, लोककथांतला वीर बोगातिर म्हणजे बहादूर. पहिले दोन मुळात अरबी, तिसऱ्याचे नाते मंगोल ‘बगातुर’शी.

आणि ‘रशिया’ही बदला. त्या वेळी एक देश नव्हता, ‘रूस’ या नावाने ओळखली जाणारी, एकमेकांशी भांडणारी संस्थाने होती. 240 चा आकडा कीव्ह पडल्यापासून 1480 पर्यंतचा. त्या वर्षी उग्रा नदीच्या दोन काठांवर तिसरा इवान आणि अहमद खान समोरासमोर राहिले आणि खान मोठी लढाई न देता परतला. तुमचे वाक्य मी असे करीन: ‘1240 पासून 1480 पर्यंत रूसच्या संस्थानांच्या मानेवर ओर्द्याचे जू होते.’