जप्त ट्रॅक्टरची टायरं गेली. भरपाई कोण देणार?

प्रश्न : चोपडा तालुक्यात माझी केळीची बाग आहे. चोरटी वाळू वाहिल्याच्या आरोपावरून महसूल खात्याने माझा ट्रॅक्टर जप्त केला. अपिलात आदेश रद्द झाला. जप्तीनंतर सात महिन्यांनी ट्रॅक्टर सोडवायला गेलो, तर बॅटरी आणि मागची दोन्ही टायरं गायब. कार्यालयात म्हणतात, "सरकारी कामात झालं, सरकारवर दावा चालत नाही." हे खरं का?

उत्तर : नाही भाऊ, खरं नाही. एवढं एक वाक्य ऐकून माघारी फिरलेले शेतकरी पाहिले की जीव तुटतो.

त्या वाक्यामागे एक जुना निकाल आहे. मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेलं सोनं घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला, तरी 1964 मध्ये कस्तुरीलाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं नाही. जप्ती हा सार्वभौम अधिकार, म्हणजे राज्यसत्ता म्हणून सरकार वापरतं तो अधिकार, असं कारण दिलं. सरकारी वकील हेच पुढे करतील. तुम्ही सुप्रीम कोर्टाचाच 1994 चा नागेंद्र राव निकाल धरा. तिथे जप्त केलेला खताचा साठा सरकारी ताब्यात खराब झाला आणि आंध्र सरकारला भरपाई द्यावी लागली. ज्या कायद्याने माल ओढून न्यायचा अधिकार दिला, त्यानेच तो सांभाळायची जबाबदारीही दिली. तुमचं प्रकरण याच जातीचं आहे.

ट्रॅक्टर अजून तिथेच असेल तर घाई करू नका. ताबा पावतीवर "सुस्थितीत मिळाला" असं छापलेलं असतं. त्याखाली मुकाट्याने सही केलीत की दावा लंगडा पडला. काय काय नाही ते आधी हाताने लिहा, मग सही. दगडांवर टेकवलेल्या धुऱ्याचे फोटो काढा. जप्तीच्या पंचनाम्याची नक्कल मागा. त्यात टायर-बॅटरीची नोंद असली तर अर्धं काम झालं. मधल्या काळात भाड्याने ट्रॅक्टर आणला असेल तर त्याच्या पावत्याही जपा.

दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ती जिल्हाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. दावा महाराष्ट्र शासनावर लावायचा. मुदत एकच वर्षाची, असा मुद्दा समोरून येईल. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, पण त्या भरवशावर राहू नका. वर्ष जप्तीच्या तारखेपासूनच मोजा. म्हणजे हातात पाच महिने, त्यातले दोन नोटिशीत जातील. नोटीस याच आठवड्यात गेली पाहिजे.