जुन्या बाहुलीची किंमत कशी ठरते?

प्रश्न : माझ्या बार्बीच्या पाठीवर १९६६ असं उमटलंय. इतकी जुनी म्हणजे लाखभर तरी येतील ना? (डोंबिवली)

लाखाचा हिशेब आत्ताच करू नका. १९६६ हे त्या धडाच्या साच्याच्या कॉपीराइटचं साल आहे. मॅटेल कंपनीने तोच शिक्का पुढे १९९० च्या दशकातल्या बाहुल्यांवरही ठेवला. चेहरा बघा : दात दाखवून मोकळं हसणारी बार्बी साधारण १९७७ पासूनची. खरी मोठी किंमत येते ती १९५९ च्या पहिल्या खेपेला. तिच्या तळपायांना भोकं असतात, आत तांब्याच्या नळ्या असतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख बघून मात्र हुरळू नका, तिची प्रतिकृती कंपनीनेच १९९४ मध्ये काढली होती.

प्रश्न : आजेसासूबाईंच्या ट्रंकेत चिनी मातीच्या डोक्याची बाहुली सापडली. मानेवर ‘आर्मांड मार्सेल, जर्मनी, ३९०’ असं आहे. (पुणे)

सुंदर वस्तू हाती लागली आहे, जपून ठेवा. हे बिस्क, म्हणजे झिलई नसलेलं पोर्सेलिन. आर्मांड मार्सेल हे बनवणाऱ्याचं नाव, ३९० हा साच्याचा क्रमांक, साल नव्हे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून ‘जर्मनी’ असलेली बाहुली बहुधा १८९१ नंतरची. पण ३९० च्या बाहुल्या कित्येक वर्षं आणि अमाप निघाल्या. त्यामुळे शंभरी गाठलेली असूनही जर्मन बिस्कमध्ये ती स्वस्तातल्यांत मोडते. झुमो किंवा ब्रू या फ्रेंच बाहुलीकारांची गोष्टच निराळी, त्यांच्या बाहुल्या महाग.

तुमच्या बाहुलीची किंमत ठरवणारी तपासणी घरी करता येते. केसांचा टोप सहज सुटत असेल तरच काढा. डोक्याच्या उघड्या भागातून छोटा टॉर्च आत धरा आणि खोलीतला दिवा बंद करा. चेहरा एकसारखा उजळला तर उत्तम. केसाएवढी काळी रेघ दिसली, तर ती चीर. कपाळावरून डोळ्यापर्यंत चीर गेली असेल, तर भाव एकदम कोसळतो. कानामागे असेल तर तेवढा नाही. मूळचे डोळे, मूळचं धड, बोटं शाबूत आहेत का तेही बघा. टोप गोंदाने घट्ट बसवलेला असेल, तर राहू द्या.

प्रश्न : माझ्या प्लॅस्टिकच्या बाहुलीच्या कानांतल्या कुड्यांभोवती हिरवा डाग पडलाय. घासून काढू का? (रत्नागिरी)

कृपा करून घासू नका. कुड्यांच्या धातूतलं तांबं प्लॅस्टिकमध्ये उतरलं आहे. आधी कुड्या काढून वेगळ्या ठेवा, म्हणजे डाग आणखी पसरणार नाही. मुरुमांच्या क्रीमने डाग फिका पडतो खरा, पण पुढे त्या जागी पांढरा चट्टा उमटतो आणि जाणकाराला तो लगेच कळतो. डाग असलेली बाहुली विकली जाते, चट्टा पडलेलीला हात लावायला लोक कचरतात. बाहुली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. कोकणच्या दमट हवेत व्हिनाइल, म्हणजे बाहुलीचं मऊ प्लॅस्टिक, चिकट होतं. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे आहे तशीच बाहुली ऑनलाइन ४० हजारांना लावलेली दिसते. (नाशिक)

लावलेली किंमत कोणीही कितीही लिहितो. ‘विकल्या गेलेल्या’ वस्तूंची यादी उघडा आणि त्याच साच्याच्या, त्याच अवस्थेतल्या बाहुलीला प्रत्यक्ष काय मिळालं ते पाहा. डबा आणि मूळ कपडे असतील, तर फरक फार मोठा पडतो.

प्रश्न : शंभर वर्षांची बाहुली शिकागोच्या भाच्याला कुरिअरने पाठवू का? (ठाणे)

थांबा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि तशी ठरली तर खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. वय नक्की नसेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे तपासणी करून पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, मगच कुरिअरवाल्याला बोलवा.