‘आरोपी’, ‘संशयित’, ‘गुन्हेगार’ : आणि जामिनावर ‘सुटला’ म्हणजे नेमकं काय

सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. भाच्याचं नाव मारामारीच्या केसमध्ये आलं, पेपरात पहिल्या दिवशी ‘संशयित’ छापलं, चार दिवसांनी ‘आरोपी’, आणि जामीन झाल्यावर गल्लीतलं कुणीतरी म्हणालं की सुटला एकदाचा गुन्हेगार. ताई विचारतात की हे तिन्ही शब्द एकच का, ‘आरोपी’ हा शब्द तरी बरोबर आहे का, आणि जामीन मिळाला म्हणजे सुटलाच ना?

नाही ताई, तिन्ही वेगळे आहेत, आणि जामीन म्हणजे केसमधून सुटका नाही. मी वकील नाही, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या बाजूला टायपिंगचं काम करतो, प्रतिज्ञापत्रं, वकालतनामे, जामिनाचे अर्ज हेच दिवसभर बोटांखालून जातं, त्यामुळे हे शब्द चुकीच्या जागी पडले की घरातल्या माणसांचं काय होतं ते रोज समोर दिसतं.

आधी शब्द बघू. ‘आरोप’ संस्कृत रुह् धातूवरून आलाय, रुह् म्हणजे चढणं, वाढणं. आरोहण त्याच घरातलं, आणि आपल्याकडे द्राक्षाची ‘रोपं’ म्हणतो तेही तिथलंच. रोप लावतात तसा आरोप ‘लावतात’, म्हणजे एखादी गोष्ट बाहेरून आणून कुणावर तरी ठेवायची. ती तिथे टिकते की नाही हे पुढचं. शब्दात एवढंच आहे, दोष सिद्ध झाल्याचा वासही नाही.

आता व्याकरणवाले म्हणतात ‘आरोपी’ चूक, ‘आरोपित’ हवं. त्यांच्या म्हणण्यात दम आहे. वाद मांडतो तो वादी, त्या चालीने आरोप करतो तो आरोपी व्हायला पाहिजे. ‘संशयी’ आणि ‘संशयित’ बघा, बायकोवर सारखा संशय घेणारा नवरा संशयी असतो आणि ज्याच्यावर संशय आहे तो संशयित, किती स्वच्छ फरक आहे. हिंदीच्या कायद्याच्या भाषेत त्यामुळे ‘अभियुक्त’ वापरतात. पण मराठीत आरोप करणाऱ्याला ‘फिर्यादी’ हा शब्द आधीच होता, फारसीतून आलेला आणि पक्का रुळलेला, त्यामुळे ‘आरोपी’ची जागा दुसऱ्या बाजूला ठरून गेली नि कुणाचा गोंधळ झाला नाही. माझं मत विचाराल तर आरोपी हाच शब्द चालू द्यावा, आरोपित म्हटलं की पुस्तकी वाटतं. अर्थ मात्र आरोपितचाच घ्यायचा.

पेपरातलं ‘संशयित’ मला आवडतं, आपल्या नाशिकच्या बातम्यांत ते बऱ्यापैकी दिसतं आणि लिहिणाऱ्याने काळजी घेतलीय हे कळतं. ‘संशयित आरोपी’ हे जोडनाव मात्र नको वाटतं, कारण संशय तपास करणाऱ्याचा असतो नि आरोप फिर्यादीत किंवा दोषारोपपत्रात (तपास झाल्यावर पोलीस कोर्टात देतात ते चार्जशीट) असतो, दोन्ही एकत्र केले की कुठल्या पायरीवरचा माणूस आहे तेच कळत नाही. कायद्यातही गंमत अशी की १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘आरोपी’ची व्याख्याच नव्हती, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही नाही. शब्द पानोपानी आहे पण व्याख्या नाही. म्हणून एफआयआरमध्ये नाव आलं की लोक आरोपी म्हणायला लागतात, तिकडे एफआयआरला आपण मराठीत म्हणतो काय, तर ‘प्रथम खबर’. खबर! कुणीतरी ठाण्यात येऊन दिलेली पहिली खबर. तेवढ्यावर कुणाला शिक्षा होत नाही, पुढे तपास, दोषारोपपत्र, कोर्टात आरोप निश्चित होणं, साक्षी, उलटतपास, युक्तिवाद, मग निकाल.

‘गुन्हेगार’ त्या निकालानंतरचा शब्द. फारसी गुनाह, त्याला ‘गार’ लागला, म्हणजे गुन्हा करणारा, केलेला. इथे आरोप उरत नाही, सिद्ध झालेलं असतं. जाता जाता सांगतो, पेशवाईतल्या हिशेबात ‘गुन्हेगारी’ म्हणजे गुन्ह्यापोटी वसूल केलेला दंड, जमेच्या बाजूला लिहायची रक्कम. आज आपण शहरातली गुन्हेगारी वाढली म्हणतो तो अर्थ नंतरचा. जेलमध्ये हा फरक अजून काटेकोर पाळतात, कागदावर ‘न्यायाधीन बंदी’ आणि ‘सिद्धदोष बंदी’, बोलताना कच्चा कैदी आणि पक्का कैदी. नाशिकरोडला भेटीला आलेली माणसंसुद्धा ‘आमचा कच्चा आहे अजून’ असं म्हणतात, आणि ते बरोबर आहे, कारण सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची असते, आरोपीने आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करत बसायचं नसतं. घटनेच्या अनुच्छेद २० मध्ये आरोप असलेल्या व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही असं आहे, अनुच्छेद २२ मध्ये अटकेचं कारण सांगणं, आपल्या पसंतीचा वकील, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करणं. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सहसा चालत नाही, हे घटनेत नाही, पुरावा कायद्यात आहे, तरी पेपरात ‘गुन्ह्याची कबुली दिली’ वाचून लोक निकाल लागला असं धरतात.

आता जामीन. अरबीत ‘झामिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस. जुन्या मराठी कागदांत हाजीरजामीन असे, म्हणजे अमक्याला हजर करीन अशी हमी घेणारा, आणि मालजामीन असे, पैशाची हमी घेणारा. म्हणजे जामीन हा आधी माणूस होता, नंतर ती क्रिया झाली आणि मग माणसासाठी ‘जामीनदार’ असा वेगळा शब्द लागला. जुनी चाल अजून गेलेली नाही. मागे द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडचे एक काका आले होते, हातात पिशवी, पिशवीत सातबारा, ऐपतीचा दाखला, रेशनकार्ड, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. म्हणाले, ‘पोराला मी जामीन राहतो, लिहा.’ जामीन राहतो! बरोबर दोनशे वर्षांपूर्वीचं वाक्य. मी अर्ज टाईप करत होतो, ते माझ्या खांद्यामागून वाचत होते, ‘आरोपी’ दिसल्यावर म्हणाले, भाऊ तेवढं काढता येतं का, आमच्या घरात असं कुणाला म्हटलं नाही कधी. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला आणि दाखवलं की त्याच ओळीत आधी ‘अर्जदार’ आहे, मग तिरकी रेघ, मग आरोपी, आणि खाली तिसऱ्या परिच्छेदात ‘अर्जदारास सदर गुन्ह्यात खोटेपणाने गोवण्यात आले आहे’ असंही आहे. त्यांनी ‘अर्जदार’वर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाले, राहू द्या.

तर तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘सुटला’ या शब्दात आहे. मराठीत सुटणं फार रुंद आहे, शाळा सुटते, गाडी सुटते, माणूस जेलमधून सुटतो आणि केसमधूनही सुटतो. जामीन म्हणजे फक्त कोठडीतून सुटणं. जुन्या संहितेत जामिनाची व्याख्या नव्हती, नव्यात आहे, आणि तिथे कायद्याच्या ताब्यातून अटींवर सोडणं एवढंच म्हटलंय, केसबद्दल अक्षर नाही. तारखेला हजर राहायचं, साक्षीदारांना त्रास द्यायचा नाही, चुकलं तर वॉरंट निघतं आणि जातमुचलक्याची, म्हणजे स्वतः लिहून दिलेल्या हमीची, रक्कम भरायची वेळ येते, जामीनदाराच्याही अंगाशी येतं. तपास ६० दिवसांत, किंवा जन्मठेप, फाशी, दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत संपून दोषारोपपत्र आलं नाही तर कोठडीतल्या आरोपीला अर्ज करून जामिनाचा हक्क मिळतो, त्याला कोर्टात डिफॉल्ट बेल म्हणतात, तोही निर्दोष असल्याचा दाखला नाही आणि दोषी असल्याचाही नाही.

केसमधून सुटणं म्हणजे ‘निर्दोष मुक्तता’. खटला चालायच्या आधीच पुरेसं काही नाही म्हणून सोडलं तर ती वेगळी गोष्ट, पेपरवाले तिला ‘दोषमुक्त’ म्हणतात. मला सगळ्यात टोचतं ते ‘संशयाचा फायदा देऊन’ हे. लोक त्याचा अर्थ लावतात की केलं होतं पण निसटला. कायद्यात तसं नाहीये, वाजवी संशय शिल्लक राहिला म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही आणि सिद्ध झाला नाही म्हणजे मुक्तता, अर्धी वगैरे नसते. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत मात्र ‘सन्मानपूर्वक’ मुक्तता की संशयाचा फायदा हे उकरून काढतात, वास्तविक ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द संहितेत कुठे नाही.

ताई, भाचा पुढे भरतीचा किंवा पासपोर्टचा फॉर्म भरेल तेव्हा त्याच्या शेजारी बसा. ‘आपणावर गुन्हा दाखल आहे का’, ‘खटला प्रलंबित आहे का’ आणि ‘शिक्षा झाली आहे का’ हे तीन वेगळे प्रश्न असतात, आणि पोरं घाईघाईत तिन्हीला एकच उत्तर लिहून टाकतात. आत्ताच्या घडीला पहिल्याला ‘होय’, तिसऱ्याला ‘नाही’, आणि दुसऱ्याचं उत्तर दोषारोपपत्र कोर्टात गेलंय की नाही ते वकिलाला विचारून लिहा.